पुंडलिकाने हातात घेतलेले पाय



पुंडलिकाची कथा तुम्हाला सांगायला मी बसलेलो नाही. ती तुम्ही माझ्याहून जास्त वेळा ऐकली असेल; कित्येकांनी गादीवर उभे राहून सांगितलीही असेल. मला बोलायचे आहे ते ही कथा आपण कशी सांगतो त्याविषयी, आणि तशी सांगितल्यामुळे आपल्या हातून काय निसटते त्याविषयी.

दोन तासांच्या कीर्तनात पुंडलिक आला की बुवा कुठे रमतात ते आठवून पाहा. आईबापांना छळणारा पुंडलिक, कुक्कुट ऋषींचा आश्रम, झालेला पश्चात्ताप, एवढे भराभर उरकते. मग देव दारात येतो, वीट भिरकावली जाते, आणि तिथून कीर्तन जे चढते ते चढतच जाते. वीट, विटेवरचे सम चरण, कटीवरचे कर, तुळशीहार. रुसलेल्या रुक्मिणीचाही एक फेरा होऊन जातो. त्यात वावगे काही नाही. आपले दैवतच ते आहे. पण देव थांबला कशासाठी? आत पुंडलिक म्हाताऱ्या आईबापांचे पाय चेपत बसला होता म्हणून. देवालाही थोपवून धरण्याइतके जे काम मोठे ठरले, त्या कामाला आपल्या कीर्तनात एक वाक्य मिळते. त्या पायांना काय झाले होते? टाचांना जळवात होता, सूज होती, की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या? पुंडलिकाने ते दिव्याच्या उजेडात धरून पाहिले असतील का? देवाच्या पायांचे वर्णन करताना आपल्याला वेळ पुरत नाही. ज्या पायांपायी देव ताटकळला, त्यांच्याकडे मात्र कुणी वळून पाहत नाही.

हे बोलणे कुणाला उद्धटपणाचे वाटेल. मलाही आधी तसेच वाटले असते. राजूरच्या रस्त्यावर एका रात्री जे पाहिले, त्यानंतर ही कथा ऐकताना माझे लक्ष विटेवर टिकत नाही.

राजूर म्हणजे जालना जिल्ह्यातले, भोकरदन तालुक्यातले, राजुरेश्वर गणपतीचे. अकोले तालुक्यातही एक राजूर आहे, ते हे नव्हे. मोरगाव, राजूर, पद्मालय ही तीन आणि चिंचवडचे अर्धे, अशी गणपतीची साडेतीन पीठे मानतात. त्यांतले हे एक. वरेण्य राजाला गणेशाने गीता सांगितली ती या ठिकाणी, अशी श्रद्धा आहे. वारकऱ्याला गणपती परका नाही. ज्ञानेश्वरीचा आरंभच गणेशवंदनाने होतो. आणि आमच्या भागात तर पंढरीचा वारकरी आणि राजूरला अंगारकी करणारा हा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. आषाढीला गळ्यात टाळ, अंगारकीला हातात दूर्वा.

मंगळवारी येणारी संकष्टी ती अंगारकी. वर्षातून एखाद-दोनदा, फार तर तीनदा येते. आदल्या सोमवारी रात्रीच जालन्याहून लोक पायी निघतात. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. भोकरदनकडून येतात, देऊळगाव राजाकडून येतात, छत्रपती संभाजीनगरहून येतात. पुष्कळजण अनवाणी असतात, कारण नवसच तसा बोललेला असतो. रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी सेवा मांडलेली असते: चहा, पाणी, केळी, साबुदाण्याची खिचडी, आणि तेल लावून पाय चेपून देणारी मंडळी.

अशा एका ठिकाणी मी काही अंगारक्या बसलो आहे. काशाची वाटी, तिळाचे तेल, खाली सतरंजी. एका अंगारकीला सत्तरीच्या एक आजी माझ्यापुढे बसल्या. पोटऱ्या चेपून झाल्या. तळव्याला तेल लावायला हात खाली नेला तर माझ्याच बोटाला काहीतरी टोचले. मोबाइलचा उजेड धरला. बाभळीचा काटा होता, टाचेच्या पुढे, मांसात रुतून मोडलेला. भोवतीचे रक्त वाळून काळे झाले होते. आजी चहा पीत होत्या.

मी म्हणालो, "आजी, काटा मोडलाय की पायात."

त्या म्हणाल्या, "कोन्त्या पायात रे लेकरा?"

मला वाटले, आजी थट्टा करतात. थट्टा नव्हती. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते. शेजारच्या एकाने हात जोडले आणि म्हणाला, बाप्पाची कृपा, दुखूसुद्धा दिले नाही. मीही मान डोलावली. आमच्यात एक परिचारिका होती, सुट्टी काढून सेवेला आलेली. तिने मान डोलावली नाही. तिने विचारले, "आजी, शुगरची गोळी चालू आहे का?" चालू होती. बारा वर्षे.

इथे तुम्हाला थोडे शरीराचे सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे कोड्यासारखे वाटणार नाही. मधुमेह बरीच वर्षे अंगात राहिला, त्यातून साखर आटोक्यात नसली, की शरीरातल्या लांब नसा आधी बिघडतात. आणि सगळ्यांत लांब नसा पायाच्या. आधी मुंग्या येतात, रात्री तळवे आगआग करतात. मग हळूहळू काहीच होत नाही. रुग्णाला वाटते बरे वाटले. तेव्हाच धोका सुरू झालेला असतो. पायाला खडा टोचतो, चपलेचा अंगठा घासतो, दुपारच्या डांबराने तळवा भाजतो, आणि वर डोक्याला पत्ता नसतो. त्यात पायाकडचा रक्तपुरवठाही कमी झालेला असला तर जखम भरत नाही, चिघळते, हाडापर्यंत जाते. मग एक बोट काढतात, कधी पाऊल, कधी गुडघ्याखालचा पाय.

दुखत नाही म्हणून जखम होते, हे आपल्या देशात पहिल्यांदा नीट उलगडले ते कुष्ठरोगाच्या कामात. पॉल ब्रँड नावाचे शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. तोवर लोकांची समजूत अशी की कुष्ठरोगात बोटे रोगानेच झडतात. ब्रँड यांनी दाखवून दिले की रोग नसा मारतो, वेदना नाहीशी होते, आणि वेदना नसलेल्या हातापायांची माणूस न कळत नासाडी करत राहतो. त्या कामातून मऊ रबराच्या चपला आल्या. मायक्रोसेल्युलर रबर म्हणतात त्याला. अंगठ्याने दाबले की दबते आणि पुन्हा वर येते. चपलेत खिळा नसतो, कारण खिळा वर आला तरी पायाला कळणार नाही. मागे पट्टा असतो, कारण पायातून चपल निसटली तरीही कळणार नाही. हेच ब्रँड पुढे १९६६ मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिल येथे गेले आणि तिथे त्यांना मधुमेह्यांच्या पायात तेच दिसले जे त्यांनी वेल्लोरला पाहिले होते.

आता सरकारकडे वळू. टीका करायची तर आधी काय आहे ते सरळ सांगितले पाहिजे.

केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना १ एप्रिल २०१७ ला आंध्रातल्या नेल्लोर येथे सुरू झाली. साठ वर्षांवरच्या गरीब वृद्धांना फुकट साहित्य मिळते. काठी, कुबड्या, वॉकर, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी, व्हीलचेअर. वस्तू कानपूरची एलिम्को ही सरकारी कंपनी देते. एकदा शिबिर घेऊन तपासणी व मोजमाप करतात, मग दुसरे शिबिर घेऊन वाटप. पुढे या यादीत भर पडली: गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, मानेचा पट्टा, कमोडची खुर्ची, आणि एक फूट केअर किट. पायांची निगा राखायचे साहित्य सरकारी यादीत आले हे मी तरी मोठेच मानतो. दिल्लीतल्या कुणाच्या तरी मनात म्हाताऱ्या माणसाचा पाय आला, त्याला नमस्कार.

पण योजनेची घडण पाहा. साहित्य द्यायचे ते कमी दिसणे, कमी ऐकू येणे, दात जाणे आणि हालचालीतले अपंगत्व यांसाठी. आमच्या आजी यांतल्या कशात बसतात? त्या पंचवीस किलोमीटर चालून आल्या होत्या. हालचालीत त्यांना काही कमी नव्हते. शिबिरात त्या गेल्या असत्या तर टेबलामागच्या माणसाने त्यांना चालताना पाहिले असते आणि फार तर एक काठी दिली असती. बधिर पाय चालताना दिसत नाही. तो हातात घेऊन तपासावा लागतो. आणखी एक गोष्ट मला खटकते. योजनेत दिलेल्या वस्तूची वर्षभर देखभाल मोफत आहे. काठी मोडली तर दुरुस्ती आहे. पायाचे साहित्य ज्या पायासाठी दिले तो पाय महिन्याने कसा आहे, हे पाहायला येणारे कुणी नाही.

राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना फेब्रुवारी २०२४ मधली. पासष्ट वर्षांवरच्या, वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या वृद्धाच्या बँक खात्यात एकदाच ३००० रुपये. साहित्य ज्याचे त्याने घ्यायचे. शासनाने यादी दिली आहे: चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड, काठी, व्हीलचेअर, फोल्डिंग वॉकर, कमोड खुर्ची, नी-ब्रेस, लंबर बेल्ट, सर्व्हायकल कॉलर, इत्यादी. मान आहे, कंबर आहे, गुडघा आहे. वरून खाली येता येता यादी गुडघ्याशी थांबते. पाऊल "इत्यादी"त गेले.

रोख देण्यावर माझा आक्षेप नाही. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे, हे बरोबरच आहे. पण हवे काय हे कळण्यासाठी आधी काय बिघडले ते कळावे लागते. डोळ्यांना दिसत नाही हे म्हाताऱ्याला कळते, तो चष्मा मागतो. कंबर दुखते, तो पट्टा मागतो. पायाचे उलटे आहे. ज्याला मऊ चपलेची सगळ्यांत जास्त गरज, त्याचा पाय तक्रारच करत नाही. तो ३००० रुपयांत चपल कशाला मागेल? आणि समजा मागितलीच, तर बाजारात विचारायचे काय? राजूरच्या काय किंवा भोकरदनच्या काय, चपलेच्या दुकानात गिऱ्हाईक नंबर सांगते आणि रंग पाहते.

सगळ्यांत मोठी हळहळ मला वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. याचे उत्तर सरकारकडे केव्हापासून आहे. कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात पाय बधिर झालेल्या रुग्णाला मऊ रबराच्या चपला फुकट मिळतात. नुसत्या चपला देऊन सोडत नाहीत, पाय सांभाळायला शिकवतात: रोज पाय पाण्यात भिजत ठेवायचे, कडक झालेली कातडी हलक्या हाताने घासायची, तेल लावायचे, तळवा रोज पाहायचा. वस्तू आणि शिकवण एकत्र. तोच बधिर पाय मधुमेहाने झाला तर मात्र माणूस दुसऱ्या खिडकीवर जातो. तिथे साखर मोजतात, गोळ्या देतात, रक्तदाब घेतात, आणि हे सगळे चांगलेच आहे. पायातली चपल कुणी काढायला सांगत नाही. आशाताई घरोघर जो तपासणीचा अर्ज भरून घेतात, त्यात तळहाताला किंवा तळपायाला वारंवार मुंग्या येतात का, वारंवार जखमा होतात का, असे प्रश्नसुद्धा आहेत. पण ते आहेत कुष्ठरोगाच्या संशयासाठी. कुष्ठरोग नाही असे ठरले की मुंग्यांचे उत्तर तसेच कागदावर राहते. एकाच गावात, एकाच दवाखान्यात, एका रोगाच्या पायाला चपल आहे आणि दुसऱ्या रोगाच्या पायाला नाही. पायाला रोगाचे नाव कुठे ठाऊक असते?

परदेशात असे वेगळे काढत नाहीत असे नाही, पण अमेरिकेत वृद्धांसाठीच्या मेडिकेअर विम्यात पाय धोक्यात आलेल्या मधुमेह्याला वर्षाला एक जोड खास बुटांचा आणि आत घालायचे तीन जोड मऊ तळवे मिळतात. डॉक्टरने तसे लिहून द्यावे लागते. म्हणजे आधी कुणीतरी पाय पाहतो, मग बूट येतो. क्रम लक्षात घ्या. आपल्याकडे आधी शिबिराची तारीख येते.

एवढे सरकारविषयी. आता आपल्या घरात येतो, कारण खरा राग मला तिथला आहे.

आपण वारकरी पायांची सेवा पुष्कळ करतो. आषाढीच्या वाटेवर तेल घेऊन बसलेले लोक तुम्ही पाहिलेत. चपला फुकट शिवून देणारे मोची पाहिलेत, आणि त्यांच्यापुढे मला नेहमी लहान वाटते. २०२३ पासून आरोग्य विभाग "आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी" म्हणून वाटेवर दवाखाने मांडतो. मुक्ताईची पालखी आमच्या जालन्यातून जाते तेव्हा गावोगाव लोक पाय धुवायला पुढे येतात. भाव खरा आहे, त्याची थट्टा करणारा मी नव्हे. पण आपण चेपतो काय? पोटऱ्या. लावतो कुठे? घोट्याच्या वर. चालून दमलेल्याला सुख तिथे वाटते आणि आपल्यालाही आशीर्वाद तिथेच मिळतो. तळवा खाली असतो, मळलेला असतो, भेगाळलेला असतो. तो उलटून कोण पाहणार? माझ्याही हाताला त्या रात्री काटा लागला तो चुकून.

शिवाय आपल्या सेवेने अपायही होतो. दमलेल्या म्हाताऱ्याचे पाय आपण मायेने कढत पाण्यात ठेवतो. ज्याला पाण्याची धग कळत नाही त्याचा पाय त्यात पोळतो, आणि फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. कुरूप झाले की कुणीतरी ब्लेड काढतो. बोटांच्या बेचक्यांत तेल चोळतो, तिथे ओल राहते आणि चिखल्या होतात. पाणी कोमट आहे का हे आपल्या कोपराने पाहावे. बेचक्या कोरड्या पुसाव्यात. तेल तळव्याला आणि टाचेला लावावे, बोटांच्या मध्ये नाही. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. यात वैद्यकीचे फार काही नाही. घरातल्या सुनेला, नातवाला जमेल असे आहे. आजींच्या घरी नातवाला हे कुणी सांगितले नव्हते. तो आजीच्या गोळ्या मात्र न चुकता आणत होता.

आता अनवाणी चालण्याविषयी. इथे तुमच्यातले काहीजण माझ्यावर चिडतील, आणि चिडण्याचा त्यांना अधिकार आहे, कारण नवस हा ज्याचा त्याच्या देवाशी असतो. मी एवढेच म्हणतो. वारकऱ्याची व्रते आपल्याला ठाऊक आहेत: गळ्यात तुळशीची माळ, एकादशी, पंढरीची वारी, नाम. अनवाणी चाललेच पाहिजे हे त्यांत नाही. वारीत बहुसंख्य लोक पायात काहीतरी घालूनच चालतात, आणि त्यांची वारी कमी मापाची आहे असे कुठला फडकरी म्हणाला नाही. ज्याला खडा टोचतो त्याने अनवाणी चालून खडे सोसावेत, ते तप म्हणा. ज्याला खडा टोचतच नाही त्याने काय सोसले? त्याचे तप नाही, नुसते रक्त जाते. हा तर्क मी एका वृद्ध टाळकऱ्यापुढे मांडला, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मग माझ्या पायाला कळतंय का नाही, हे मला कसं कळावं?"

हा प्रश्न मला सगळ्या चर्चेत मोलाचा वाटला. याचे उत्तर सोपे आहे, म्हणून सविस्तर देतो. इंग्लंडात इप्सविच येथे मधुमेहावर काम करणाऱ्या डॉक्टरांनी एक तपासणी सांगितली आहे, तिला बोटाशिवाय काही लागत नाही. माणसाला डोळे मिटायला सांगायचे. त्याच्या पायाच्या अंगठ्याचे, मधल्या बोटाचे आणि करंगळीचे टोक आपल्या बोटाने अलगद टेकवून पाहायचे, एक-दोन सेकंद. दाबायचे नाही, टिचकी मारायची नाही, चोळायचे नाही. कळले की त्याने उजवा किंवा डावा म्हणायचे. दोन्ही पायांची मिळून सहा ठिकाणे. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही तर पायाची जाणीव कमी झाली आहे असे धरून दवाखान्यात पाठवायचे. दवाखान्यात मग दहा ग्रॅम वजनाने वाकणारा नायलॉनचा धागा लावून नीट तपासतात. पण रस्त्याच्या कडेला, सतरंजीवर, चहा निवेपर्यंत ही बोटाची तपासणी होते. जे हात पोटरी चेपतात त्यांनाच ती येऊ शकते.

आमच्या परिचारिकेने नंतरच्या अंगारकीला आम्हाला ती शिकवली. सुरुवातीला हसू झाले. म्हातारी माणसे डोळे मिटली की हात जोडतात, त्यांना वाटते नाव घ्यायचे आहे. एका आजोबांनी सहाही वेळा "उजवा" म्हटले. तरुण मुलांना दुसऱ्याच्या पायाच्या बोटांना हात लावायची किळस येते. पोटरी चालते, बोटे नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. पण पुंडलिकाची कथा ऐकून ज्यांच्या डोळ्यांत पाणी येते त्यांच्यातही ही किळस आहे, आणि ती आपण कीर्तनात कधी बोललो नाही.

चपलेच्या बाबतीत आणखी एक अडचण आपल्याच मंडळींची आहे. काही माळकरी चामडे पायात घालत नाहीत. मग घेतात ती टणक प्लास्टिकची स्वस्त चपल. तिचा पट्टा बोटाच्या बेचक्यात कापतो आणि तळ दगडासारखा लागतो. ज्यांना चामडे नको त्यांनी निश्चिंत असावे, वर सांगितलेल्या चपलेचा तळ रबराचा आहे, आणि पट्टे रेक्झिनचे मागता येतात. मंदिरात जाताना चपल काढावीच लागते, ते योग्यच आहे. पण दुपारच्या उन्हात तापलेल्या फरशीवर रांगेत तासभर उभे राहणाऱ्या बधिर पायाचा विचार मंदिरांच्या व्यवस्थेने करायला हवा. जाड सुती मोजे घालून रांगेत उभे राहिले तर कुठल्या देवाचा अपमान होत नाही. पांढरे मोजे असावेत. रक्त आले तर दिसते.

तर कीर्तनकार मंडळींना माझी विनंती आहे. पुंडलिक पुढच्या वेळी सांगाल तेव्हा देवाला विटेवर अजून पाच मिनिटे थांबू द्या. तो थांबायला तयार होता, कथाच तसे सांगते. तेवढ्या वेळात घरात जा. म्हातारा बाप बसला आहे, त्याचा पाय लेकाच्या हातात आहे, लेक तळवा दिव्याकडे वळवतो आहे. काय दिसते ते सांगा. समोर बसलेल्या दोनशे माणसांतली वीस जण घरी जाऊन आईचा तळवा पाहतील. हे काम एलिम्कोला जमणार नाही, खात्यात आलेल्या ३००० रुपयांनाही नाही.

आणि ज्यांच्या घरात पासष्टीपुढचे कुणी आहे, उत्पन्न मर्यादेत बसते, आणि ज्यांच्या पायाला सहापैकी दोन ठिकाणी कळत नाही, त्यांनी मुख्यमंत्री वयोश्रीचा अर्ज समाजकल्याणच्या कार्यालयात द्यावा. आधी दवाखान्यातून पाय तपासून तसा कागद घ्यावा. साहित्याच्या जागी काठी लिहू नये, कमरेचा पट्टा लिहू नये. शासनाच्या यादीच्या शेवटी "इत्यादी" आहे, त्या आधारावर "बधिर पायासाठी मऊ रबराची, मागे पट्टा असलेली चपल" असे स्वच्छ अक्षरात लिहावे आणि पोच घ्यावी. काय उत्तर मिळते ते मासिकाकडे लिहून कळवा. आजींचा अर्ज आम्ही भरून दिला आहे.